जमुनेला गेमनं नाही नेलं

जमुने,

तुझ्या दहाव्याला मी तांड्यावर जाऊन भांडून आले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

पुसेगावला बसमधून उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या, बाप्ये एकीकडे, बायका एकीकडे. तुझे काका, ज्यांच्या घरी हिंगोलीत तू लहानाची मोठी झालीस, ते मान खाली घालून म्हणाले, "पोरगी सोन्यावानी होती. त्या भुताच्या गेमनं खाल्ली तिला." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी पुस्ती जोडली, की आधीच काळजाची पेशंट, त्यात रोज बसून घाबरून घ्यायचं, मग दुसरं काय होणार.

अशा जागी बाईमाणसानं बोलू नये, त्यातून हिंगोलीहून आलेल्या पुजाऱ्याच्या पोरीनं तर नाहीच, एवढं मला कळतं. तरी मी उठले.

"काका, असं म्हणू नका. जमुनाला गेमनं नाही नेलं."

"मंग कशानं नेलं?" काकांचा आवाज चढला. "तूच तिला नादी लावलं. तुझ्याच कॉम्प्युटर क्लासात बसून खेळत होती ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायचं खूप होतं, पण पुढचा शब्द फुटेना. मी खाली बसले. काकांचा मला राग नाही. औरंगाबादच्या दवाखान्यात लिफ्ट बंद पडली तेव्हा तुला पाठीवर घेऊन जिने तेच चढले होते. घरातलं माणूस गेलं की कुणाला तरी धरून झोडावंसं वाटतं. पण त्यांनी चुकीच्याला धरलंय, आणि ते मी चालू देणार नाही. तिथं बोलता आलं नाही ते आता तुझ्यासमोर बोलते.

आधी नादाचं बघू. कुणी कुणाला लावला? आपण सातवीत होतो. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती. तू तांड्यावरून नवी नवी आली होतीस, माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचीस आणि कुणाशी बोलायची नाहीस. दसऱ्याच्या प्रदर्शनात आकाशपाळण्याच्या मागं एका तंबूत टीव्ही मांडून व्हिडिओ गेम लावले होते. आत नुसती पोरंच पोरं. मी दाराशी घुटमळत होते, तर बाजूनं तू सरळ आत घुसलीस. तंबूवाला म्हणाला, "ए, पोरींचं काय काम हितं?"

तू म्हणालीस, "काहून? ही बटनं पोरायच्याच बोटाला वळखतात का?"

तो हसला आणि बाजूला झाला. तू मागं वळून मला हात केलास. मी तुझी मैत्रीण झाले ती त्या क्षणी. त्यात माझा काही निर्णय नव्हता.

पडद्यावर लोखंडी पंखांचा एक वीर होता. मुखवटा घातलेला, इमारतींवरून झेप घेणारा, आगीतून माणसं उचलून आणणारा. तू दोनदा आपटलीस आणि बटनं माझ्या हातात दिलीस. मी उडाले. जमुने, सहाच्या आत घरात, सोवळ्यात हात लावू नको, मोठ्यांदा हसू नको, असल्या घरातली मी मुलगी. त्या तंबूत मी पहिल्यांदा छपरांच्या वरून गेले. मला तंबूतून ओढून बाहेर काढावं लागलं.

परत येताना मी बोलायची थांबत नव्हते, आणि तू तोंड वाकडं करून चालली होतीस.

"ह्याला काही होतच न्हाई," तू म्हणालीस. "गोळी लागली तर गोळीच वाकडी व्हती. ज्याला भ्यावच लागत न्हाई, त्याचं काय कौतुक?"

"अगं, पण तो लोकांना वाचवतो ना!"

"त्याला काय तकलीफ हाय वाचवायला?"

हे भांडण पुढं किती वर्षं चाललं! शाळेच्या वाटेवर, माझ्या भावाच्या टीव्ही गेमसमोर, कॉलेजच्या कट्ट्यावर. त्या भावाच्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलं होतं आणि आत तेच ते दहाबारा होते. त्यातले उडणारे, मारणारे, न मरणारे सगळे माझे. तू शेजारी बसून शेंगा खात त्यांची टर उडवायचीस. मी चिडले की आणखी खूश व्हायचीस.

मग अकरावीत तू कॉलेजचा जिना चढताना मधेच बसलीस. ओठ निळसर झाले होते. लहानपणी तांड्यावर तुला सांधे सुजून ताप आला होता, अंगदुखी समजून लेप लावला होता, त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती. औरंगाबादला फुगा घालून ती उघडली. डॉक्टरांनी सांगितलं की हे जन्माचं आहे, औषधं चुकवायची नाहीत, इंजेक्शन चुकवायचं नाही, बाळंतपण जिवावर बेतेल. तू शांतपणे ऐकलंस. मला वाटलं, रडशील. परतीच्या बसमध्ये तू एवढंच म्हणालीस, "आता कळलं का तुला, मला तुझा पंखवाला का आवडत न्हाई ते?"

कळलं. पण म्हणून मी हरले असं समजू नकोस.

तुझा गेम तुला पुढं सापडला. तोवर माझं लग्न होऊन मोडलंही होतं. मी पिशवी घेऊन माहेरी परत आले तेव्हा घरात येईल तो समजूत घालून जायचा. तडजोड कर, परत जा, सगळ्यांच्याच घरी असं असतं. तू आलीस आणि काहीच विचारलं नाहीस. म्हणालीस, "मोंढ्याजवळ वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी हाय. कॉम्प्युटर क्लास टाकू." आपण टाकला. जुनी मशीनं घेतली. खाली हळदीचा बाजार, सीझनमध्ये कीबोर्डच्या फटींतून पिवळी धूळ निघायची. गावात म्हणायचे, एक नवऱ्याला टाकून आलेली आन् एक लग्नाला न्हाई म्हणणारी, काय क्लास चालवणार ह्या? चालवला की. अजून चालू आहे.

ती सीडी एका विद्यार्थ्यानं नांदेडहून आणली. मे महिन्यातली दुपार, क्लासला सुट्टी, खिडकीला आपण चादर लावली. ओसाड बेटावरचं एक बंद पडलेलं रुग्णालय. एक तरुण बाई धाकट्या बहिणीला शोधत त्यात शिरते. हातात कंदील, पिस्तुलात मोजक्या गोळ्या. तिला उडता येत नाही. जास्त पळाली की तिला धाप लागते आणि भिंतीला टेकून थांबावं लागतं. ते पाहून तू माझ्याकडे बघितलंस. इतका आनंद मी तुझ्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"ही बघ!" तू म्हणालीस. "हिला म्हनतात हिरो."

पहिलं दार उघडलं आणि आतून जे काही अंगावर आलं, त्याला बघून तू अशी किंचाळलीस की खालचे हमाल पोती टाकून धावत वर आले. "काय झालं ताई?" तू घाम पुसत म्हणालीस, "काही न्हाई दादा, दार उघडलं फक्त."

तुझं काम खेळायचं आणि माझं काम नकाशा धरायचं. कोणती खोली झाली, कोणती राहिली, किल्ली कुठं दिसली होती, हे मी लक्षात ठेवायचं. तू गोळ्या जपायचीस. चुकवता येईल त्याला चुकवायचं, कोपऱ्यात सापडलं तरच झाडायचं. तुझं इंग्रजी त्या गेमनं सुधारलं. तुझं पहिलं पाठ झालेलं इंग्रजी वाक्य 'द डोअर इज लॉक्ड' हे होतं. तुला बघायला पाहुणे आले, काकांच्या ओट्यावर बसले, कुणीतरी म्हणालं लग्न झालं की असले आजार बरे होतात, तेव्हा तू चहाचा ट्रे ठेवून त्यांना तेच वाक्य ऐकवलंस. पाहुण्यांना वाटलं पोरगी इंग्रजी चांगली बोलते. काकांना अर्थ कळला होता. ते तुझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि पुन्हा पाहुणेही आणले नाहीत.

गेममध्ये आपल्याला खरा त्रास भुतांनी दिलाच नाही. तो दिला लोडशेडिंगनं. अर्धं रुग्णालय पार करून, सेव्ह करायच्या खोलीच्या उंबऱ्याशी आलो की पंखा मंदावायचा, पडदा काळा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तू वीज मंडळाला ज्या शिव्या दिल्यास, त्या मला नव्यानं कळल्या. मग हातपंख्यानं वारा घेत तू म्हणालीस, "जाऊ दे. आता आपल्याला रस्ता माहीत झाला ना?" आणि लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू.

मी तुझ्या काळजीत होते, हे खरं. म्हणून तर वर्षाच्या तपासणीला मी सोबत आले तेव्हा तू डॉक्टरांना सरळ विचारलंस, "साहेब, भीतीचे गेम खेळले तर चालतील का?"

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे काय असतं त्यात?"

तू सांगितलंस. कंदील, बाई, बहीण, अंगावर येणारं सगळं. डॉक्टर मन लावून ऐकत बसले, बाहेर पेशंट ताटकळले. मग म्हणाले, "खेळताना धाप लागते?"

"न्हाई."

"छातीत धडधड होऊन चक्कर?"

"धडधड व्हती. पन ती तर तुमच्या जिन्यानंबी व्हती."

ते हसले. "मग खेळ. धडधड फार वाढली तर उठून पाणी प्यायचं. औषध मात्र चुकवायचं नाही." तू माझ्याकडे वळून भुवया उडवल्यास. हे मला लिंबाखाली सांगायचं होतं. एवढं जरी तोंडातून निघालं असतं तरी पुरलं असतं.

आणि हेही सांगायचं होतं, की तू गेलीस त्या सकाळी लाईटच नव्हती. पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून सीडीला आपण महिनाभर हात लावला नव्हता, ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. तू काकूंच्या अंगणात नळाला पाणी भरत होतीस. कळशी ठेवलीस, पायरीवर टेकलीस. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तोवर संपलं होतं. कोवळं ऊन, नळाची धार, अंगणात कोंबड्या. भीतीदायक काही म्हणून नव्हतं तिथं. झडप थकली, बस. डॉक्टर म्हणाले होते त्याहून कितीतरी जास्त ती चालली, आणि ती तू चालवलीस.

आणि हो, माझा पंखवाला त्या सकाळी आला नाही. मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण ऐक, मी अजूनही म्हणते, असा कुणीतरी असायला हवा होता. नाही आला म्हणून मी मागायचं सोडणार नाही. तू तुझ्या बाजूला राहा, मी माझ्या. हे भांडण मला एकटीला चालवावं लागलं तरी चालवीन. एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. सासरहून परत आल्यानंतरच्या त्या दिवसांत, शेजारच्या खुर्चीवरून "नकाशा धर, मला एकटीला होईना" असं म्हणणारी तू नसतीस, तर मी बहुतेक परत गेले असते. वाटायचं, तुला कळलंच असेल. आता वाटतं, म्हणायला हवं होतं. तर म्हणते.

आता दहाव्याच्या पुढचं ऐक. भांडण झाल्यावर मी हापशावर तोंड धुवत होते. मागं तुझी आई येऊन उभी राहिली. तू तिला याडी म्हणायचीस, म्हणून मीही याडीच म्हणते.

"मला दाखवशील?" तिनं विचारलं.

"काय, याडी?"

"ती काय खेळत होती ते. सगळे बोलून राहिले. मी कधी पाहिलंच न्हाई."

पुढच्या आठवड्यात ती एकटी हिंगोलीला आली. मी क्लासच्या पोरांना सुट्टी दिली. याडी खुर्चीवर मांडी घालून बसली, पदर सावरला. खिडकीला चादर लावली. जमुने, मला ते खेळता येत नाही. मी नकाशावाली. पण सुरू केलं. पडद्यावर बेट आलं, धुकं आलं, रुग्णालयाचं फाटक आलं. कंदील पेटला. याडी पुढं झुकली.

"ही बहिणीला हुडकून राहिली ना?" ती म्हणाली.

मी थांबलेच. "तुम्हाला कसं माहीत?"

"जमुनी सांगत होती की. कापूस वेचायला गेलो की रानात सांगायची. आमी बायका सरीनं चालायचो आन ती गोष्ट सांगत पुढं पुढं. मंग काय झालं, मंग काय झालं, असं सगळ्या मागं लागायच्या तिच्या. दिवस कवा सरायचा कळायचं न्हाई." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "मला वाटलं, पुस्तकातली हाय. ही तर खरीच हाय."

तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. दिवाळीत गावी जायचीस आणि कापसाच्या सरीत उभी राहून आपलं बेट, आपलं रुग्णालय तुमच्या बोलीत सांगायचीस! तांड्याच्या बायकांना ते रुग्णालय खोलीनिशी पाठ होतं. उजवीकडच्या जिन्यानं जाऊ नको, तिथं तो दबा धरून बसलाय, हे मला याडीनं सांगितलं. मी नकाशावाली, आणि मलाच आठवत नव्हतं.

तरी व्हायचं ते झालं. अरुंद बोळात समोरून एक आलं, मी घाबरून सगळ्या गोळ्या भिंतीत घातल्या. कंदील खाली पडला. पडदा लाल झाला.

"मेली?" याडीनं विचारलं.

"हो."

"मंग आता?"

"आता परत सुरू करायचं. जिथं सेव्ह केलं होतं तिथून."

तिच्या मनात काय आलं असेल ते मला समजत होतं. खालून मोंढ्यातला गलका येत होता. मग तिनं डोळे पुसले, मांडी मोडून पाय खाली सोडले आणि म्हणाली, "कर सुरू. ह्या टायमाला घाई करू नको."

आम्ही दुपारभर खेळलो. त्या बोळातून पार झालो, याडीमुळे.

नंतर मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. काकांची ड्यूटी तिथल्याच एसटी डेपोत, ते हात पुसत बाहेर आले, कामावरचेच कपडे अंगावर. मला त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. याडीला म्हणाले, "पाहिलं ना वहिनी? कशापायी गेली पोरगी, पाहिलं ना डोळ्यानं?"

"पाहिलं," याडी म्हणाली. "सगळं बसून पाहिलं, भाऊजी. त्यात एक बाई हाय. एकटी हाय. अंधारातून कायबाय अंगावर येतं, आन ती हातात दिवा घेऊन उभी राहती. माझी लेक रोज तिच्यासंगं उभी राहत होती." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "भिऊन मेली म्हनता तिला? भिणारं लेकरू असं खेळतं व्हय? आधी तुमी बसून पाहा त्या खुर्चीवर. मंग बोला."

आजूबाजूचे प्रवासी वळून बघत होते. पुसेगावची बस लागली. काकांनी गर्दीतून वाट काढून याडीला जागा मिळवून दिली, तिची पिशवी खिडकीतून आत दिली. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत ते तिथंच उभे होते, मीही.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या दुपारी असशील का क्लासात?"

"असते," मी म्हणाले. "या."